सफरचंदांच्या खोलीतलं हरीण

दुबईत, रास अल खोरच्या आमच्या कोल्ड स्टोअरमध्ये, सफरचंदांच्या खोलीत, एक हरीण उभं होतं. फोमचं. एक शिंग मोडलेलं आणि खांद्यामागे बाणांनी इतकं पोखरलेलं की तिथे बोट घातलं तर चुरा निघायचा. तिरंदाजीच्या क्लबवाल्यांनी ते भंगारात काढलं होतं. काकांनी ते पिकअपमध्ये घालून आणलं आणि सफरचंदांच्या थप्प्यांमागे कोपऱ्यात उभं केलं. नवा लोडर आला की पहिल्या दिवशी ते बघून पळत बाहेर यायचा, आणि आमचा फोर्कलिफ्टवाला खानभाई त्याला शांतपणे सांगायचा, "डर मत. सेठ का है."

काका म्हणजे आमचे मालक. मार्केटमध्ये सगळे त्यांना शेठ म्हणत, आम्ही मराठी माणसं काका म्हणायचो. मूळचे निफाडकडचे, कांद्यातले. दुबईला येऊन कांद्याला बटाटा जोडला, मग द्राक्षं, डाळिंबं आणि शेवटी सफरचंदं. मी त्यांच्याकडे डॉक्युमेंटेशन बघायची. म्हणजे कंटेनर बंदरावर आला की त्याचे कागद हलवायचे, आणि तो अडकला की काकांचं ऐकून घ्यायचं. ऐकून घेण्याला पर्याय नव्हता, कारण काकांचा आवाज. ते गेटवर उभे राहून "यल्ला, खाली कर" म्हणाले की पलीकडच्या गल्लीतला ट्रकवालाही आपलं फाळकं उघडायचा, असं खानभाई शपथेवर सांगे. निफाडला फोन लावला तर ह्यांना फोन कशाला लागतो, असं मला नेहमी वाटायचं. गप्प बसणं ह्या माणसाच्या कुंडलीतच नव्हतं.

आणि हाच माणूस दरवर्षी ऑगस्ट लागला की गप्प बसायची प्रॅक्टिस करायचा.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणानं हरणांच्या शिकारीचा सीझन सप्टेंबरात सुरू होतो आणि नोव्हेंबरात रंगात येतो, ही माहिती आमच्याकडे चहा आणणाऱ्यालासुद्धा पाठ होती. शिकारी झाडाला बांधलेल्या एका छोट्या फळीवर जाऊन बसतो. पहाटेपासून. हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं नाही. आसपास बर्फ असलं तरी नाही. हरीण आलं तर आलं. काकांचा मुलगा तिकडे राहत होता आणि त्याच्याबरोबर एक सीझन त्या फळीवर बसायचं, हा काकांचा संकल्प होता. त्याची तयारी ते रास अल खोरला करत होते.

बाहेर डांबर वितळायला आलेलं असायचं. दुपारी मार्केट मंदावलं की काका आपलं जाडजूड हिरवं जाकीट घालत. काकीनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा किंमत विचारली होती. "नऊशे दिरहम? वीस हजार रुपये झाले हो. आणि घालणार कुठे, क्रीकच्या काठावर?" काका उत्तर न देता ते घालून सफरचंदांच्या खोलीत शिरत. तिथे तापमान शून्याच्या जरासंच वर. शिडीनं रॅकच्या वरच्या फळीवर चढून बसत. समोर कोपऱ्यात हरीण. धनुष्य क्लबातच ठेवावं लागे, म्हणून इथे त्यांनी रॅकच्या पाइपाला व्यायामाचा रबरी पट्टा बांधला होता. तो गालापर्यंत ओढायचा आणि हात थरथरेपर्यंत तसाच धरून ठेवायचा. हरीण जवळ आलं की ते मान खाली घालेपर्यंत असंच थांबावं लागतं म्हणे. मी सहीसाठी कागद घेऊन गेले तर वरून नुसतं एक बोट ओठांवर यायचं. सही राहायची. कंटेनर राहायचा. मी दात वाजवत परत यायची.

एकदा म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर आला. तरुण एमिराती, पांढरीशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात टॅब. तापमान बघितलं, पेट्या बघितल्या आणि थप्प्यांमागे वळला. हरीण बघून थांबला. मग हरीण कुणाकडे बघतंय ते बघायला त्यानं मान वर केली, तर फळीवर जाकीट घातलेला एक म्हातारा, पट्टा ताणून, डोळा मिटून.

"शू हादा?" त्यानं मला विचारलं. हे काय आहे?

मी काय सांगणार? म्हटलं, "सर, ही इज द ओनर."

काका पट्टा सोडून खाली आले आणि महिनाभराची सगळी वाफ त्यांनी त्या बिचाऱ्यावर काढली. हिंदी, अरबी, मराठी, सगळं एकत्र. वारा, वास, झाड, मुलगा. इन्स्पेक्टर शेवटी हसायला लागला. त्याचे आजोबा ससाणे पाळत होते, ते वाळवंटात असेच तासन् तास बसत, म्हणाला. हरीण मात्र खाण्याच्या मालाजवळ ठेवायचं नाही, बाहेर काढा, असं बजावून गेला. काकांनी ते एका मोकळ्या पॅलेटवर प्लॅस्टिकच्या मोठ्या गोणीत गुंडाळलं, फक्त तोंड उघडं ठेवलं, आणि "आता माल नाही, पॅकिंग आहे" असं म्हणून परत होतं तिथे ठेवून दिलं.

वासाचं प्रकरण त्याहून वाईट होतं. हरणाला माणसाचा वास लांबून येतो. म्हणून सप्टेंबरपासून अत्तर बंद, डोक्याला तेल बंद, कपड्यांना बिनवासाचा साबण. लसूण बंद. अत्तर न लावता धंद्यातल्या अरबांकडे जाणं म्हणजे न आंघोळ करता जाण्यासारखंच, पण काका गेले. तिथवर ठीक होतं. मग गणपती आले आणि काकांनी घरात धूप-उदबत्ती बंद करायचं काढलं, कारण तो वास जाकिटाला चिकटतो. मी आरतीला गेले होते, तेव्हा काकीनं सगळ्यांसमोर निकाल दिला. "अहो, तुमचं हरीण अमेरिकेत आहे. गणपती घरात आहे." उदबत्ती लागली. काकांनी जाकीट पॉलिथिनमध्ये बांधून गाडीच्या डिकीत ठेवलं आणि आरती मात्र नेहमीच्याच आवाजात म्हटली, त्यामुळे वरच्या मजल्यावरचं फिलिपिनो कुटुंब दार उघडून बघायला आलं.

हे सगळं ऐकून माणसाला हसू येतं. मीही हसत होते. ह्या सगळ्याच्या मुळाशी काय होतं, ते मला काकीकडून कळलं, आणि त्यानंतर माझं हसणं जरा कमी झालं.

मुलगा दुबईतच वाढला. शाळा इथली, बोलणं इंग्रजी, स्वभाव अबोल. शिकायला अमेरिकेला गेला. शिक्षण संपलं तेव्हा काका म्हणाले, आता ये, धंदा सांभाळ. तो नाही म्हणाला. सुट्टीवर आला होता तेव्हाची गोष्ट, आणि हे बोलणं झालं मार्केटमध्ये, भर सकाळी, लिलावाच्या गर्दीत. काका ओरडले, "मग जा, आणि परत तोंड दाखवू नकोस." पोरगा गेला. तो पुढे बरीच वर्षं आलाच नाही.

ह्या प्रसंगावर काकांचं स्वतःचं असं एक स्पष्टीकरण होतं. एकदा चहा पिताना त्यांनी मला ते सांगितलं. "अगं, मार्केटमध्ये आपण काय करतो? भाव ओरडतो. समोरचा हात झटकून निघून जातो. मग आपण त्याला हाक मारतो, तो थोडा वर येतो, आपण थोडे खाली येतो, मग चहा. मी त्याला शेवटचा भाव सांगितला नव्हता, पहिला सांगितला होता. त्यानं काउंटर द्यायला हवा होता."

"आणि हाक कुणी मारायची होती, काका?"

"मारणारच होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात त्याला टॅक्सी मिळाली."

त्यानंतर बापलेकांमधला सगळा व्यवहार काकीमार्फत चालायचा. रविवारी संध्याकाळी ती मुलाला फोन लावायची, तिकडे सकाळ असायची. तासभर बोलायची. मग फोन काकांच्या हातात द्यायची. "बोला." काका विचारत, कसा आहेस? तो म्हणे, फाइन. थंडी आहे? आहे. बरं, आईला देतो. ज्या माणसाच्या आवाजानं ट्रकांची फाळकी उघडत, त्याला मुलाशी बोलायला एवढंच सुचायचं.

मग एका सप्टेंबरात मुलगा ऑफिसातल्या कुणाबरोबर शिकारीला गेला. तसं त्यानं आईला सांगितलं. फोन हातात आल्यावर काकांनी विचारलं, काय असतं ते? आणि पोरगा बोलायला लागला. फळी, झाड, वारा, पहाट. काका ऐकत राहिले. शेवटी तो म्हणाला, "यू शुड कम वन्स, बाबा. पण तुम्हाला दहा मिनिटं गप्प बसता येणार नाही."

हे बोलणं तसं उगाचच केलेलं. आपण कुणालाही म्हणतो ना, या एकदा घरी. पण काकांनी फोन ठेवला आणि काकीला म्हणाले, "त्यानं मला बोलावलंय." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी क्लबात नाव घातलं. साठी जवळ आलेली, खांदा धरलेला, पोट सुटलेलं. क्लबातली पोरं त्यांना उस्ताद म्हणून चिडवायची.

तेव्हापासून रविवार बदलला. काकीचं बोलणं आटोपायच्या आत काका हात पुढे करून बसत. फोनवर बाणांचं वजन, दोरीचा ताण, वारा कुठून कुठे, खुरांच्या खुणा. सोमवारी ऑफिसात ते सगळं आम्हाला परत ऐकावं लागे. "काल त्याच्याकडे वारा उत्तरेचा होता. मोठा नर आलाच नाही." हे ते अशा थाटात सांगत की जणू आमचा कंटेनर त्या नरानेच अडकवला होता. मला त्यांचा फार हेवा वाटायचा त्या दिवशी. माझे वडील आणि मी फोनवर हवामानापलीकडे कधी गेलो नाही.

मात्र जाणं होत नव्हतं. दरवर्षी ऑक्टोबर आला की काका म्हणत, अजून कच्चा आहे. फळवाल्याचा शब्द. एका वर्षी खांदा कच्चा, एका वर्षी बसणं कच्चं. "कच्चा माल बाहेर काढायचा नसतो. नाव जातं." कधी खरंच भारतातून कांदा बंद व्हायचा आणि बाजार पेटायचा, कधी दिवाळीची गर्दी. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, फळ थंडीत फार दिवस ठेवलं की वरून छान दिसतं आणि आतून काळं पडतं, हे तुम्हीच मला शिकवलंय." ते खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "मॅडम, तुमचे कागद झाले का?" मॅडम म्हणाले की समजायचं, घाव बसलाय.

त्याच सुमारास मी त्यांना विचारलं होतं, "समजा गेलात. समजा हरीण आलं. माराल?"

"छे."

"मग हा पट्टा कशाला ओढताय?"

"त्याला दिसायला नको का, की बापानं मेहनत घेतलीय?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. हा त्यांचा खालचा आवाज मी क्वचितच ऐकला असेल. "हरीण आलं की मी हळूच खोकणार. ते पळेल. एकदा हरीण पडलं की संपलं सगळं. उचला, गाडीत टाका, घरी चला. नाही पडलं तर बसायला मिळतं."

हे कुणाला सांगू नकोस, असंही म्हणाले. मी नाही सांगितलं.

मग काकी आजारी पडली. पोटाचा कॅन्सर, उशिरा कळलेला. मुलगा शेवटच्या दिवसांत आला, तिच्याजवळ बसून राहिला, ती गेल्यावर दिवस होईपर्यंत थांबला. इतक्या वर्षांनी बापलेक एका घरात. मी डबा घेऊन जायची. काका एका खोलीत, मुलगा दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या टेबलावर काकीचा फोन. भेटायला आलेल्यांशी काका बोलत होते, रडत होते, ओरडतही होते. मुलगा समोर आला की त्यांचं सगळं बोलणं संपायचं. एकदा मात्र मी स्वयंपाकघरातून ऐकलं, काका विचारत होते, "सीझनची तयारी झाली?" आणि तो म्हणाला, "हो बाबा. ऑलमोस्ट." मला वाटलं, चला, तेवढं तरी आहे.

मुलगा परत गेल्यावर काकांनी कुणाला न विचारता नोव्हेंबरचं तिकीट काढलं. व्हिसा होता. कांद्याचा बाजार त्या वर्षी पेटलेलाच होता, तरी काढलं. "आता फोन लावून द्यायला कुणी नाही," एवढंच मला म्हणाले. मी त्यांना पहिल्यांदाच इतकं घाबरलेलं आणि इतकं खूश एकाच वेळी बघत होते. गरम मोजे आणले. खोकला येऊ नये म्हणून खडीसाखर आणली, आणि नंतर स्वतःच हसले.

ऑक्टोबरात मला मुलाचा फोन आला. मला कधीच करायचा नाही.

"ताई, ही इज रिअली कमिंग?"

"मग? तिकीट काढलंय."

मग त्यानं सांगितलं. त्याच्याकडे धनुष्य नव्हतं. फळी नव्हती. तो पहिल्या सीझनला गेला, त्यानंतर कधी गेलाच नव्हता. त्या पहिल्या वेळी त्याच्याच बाणानं एक हरीण पडलं आणि ते लवकर मेलं नाही. त्यांना त्याच्या मागं मागं जावं लागलं. "आय थ्रू अप, ताई. तिथेच. नंतर मला ते कपडेसुद्धा घालवेनात."

"मग इतकी वर्षं दर रविवारी काय सांगत होतास?"

"बाबा विचारायचे. मी गूगल करून सांगायचो. वारा, टेम्परेचर, सगळं. ते एवढे एक्साइट व्हायचे, मी कसं सांगणार?" आता तो एका मित्राकडून सामान आणणार होता, लायसन्स काढणार होता, जागा बघणार होता. "आय विल मॅनेज. प्लीज, बाबांना सांगू नका."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि सरळ सफरचंदांच्या खोलीत गेले. माझा स्वभावच तसा आहे. एक म्हातारा माणूस जे मारायचंच नाही अशा हरणासाठी थंडीत बसलाय, आणि दुसरा तिकडे ज्या झाडाकडे बघवत नाही त्यावर चढायची तयारी करतोय. मला तो सगळा खेळ असह्य झाला. मी खालूनच म्हटलं, "काका, खाली या. तुमचा मुलगा शिकार करत नाही. कधीच सोडलीय त्यानं."

त्यांनी ओठांवर बोट नेलं नाही. शांतपणे म्हणाले, "माहीत आहे मला."

शिडीनं सावकाश उतरले. पेटीवर बसले.

"अख्खं आयुष्य फोनवर माल विकला मी. समोरचा गोडाऊनमध्ये उभा आहे का घरी सोफ्यावर लोळतोय, मला आवाजावरून कळतं. मी वारा विचारला की हा थांबतो. मग टिकटिक बटणं वाजतात. आत्ताच झाडावरून उतरलो म्हणतो, आणि मागे डिशवॉशर चालू असतं. झाडावर डिशवॉशर असतं का?"

"कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या सीझनपासून."

"मग तिकीट कशाला काढलंत?"

"वाटलं, जाऊ. तो खोटं सांगेल, मी खरं मानीन. एक दिवस कुठल्या तरी झाडावर बसू, मग म्हणू, आज काही आलं नाही, आणि घरी येऊ. पण गेल्या रविवारी त्याचा आवाज ऐकला. माल नसताना ऑर्डर घेतलेल्या माणसाचा आवाज असतो ना, तसा. सकाळीच तिकीट कॅन्सल करून आलो."

मी त्यांना ओकारीचं सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. बराच वेळ ते जाकिटाची चेन वरखाली करत राहिले.

"लहान असताना मी त्याला मार्केटमध्ये घेऊन आलो होतो," ते म्हणाले. "कोंबड्या कापायच्या दुकानासमोर ओकला. मी सगळ्यांसमोर हसलो. म्हटलं, कांदेवाल्याच्या घरात राजकुमार जन्माला आलाय." मग म्हणाले, "त्याला मी पुन्हा तिथे चढवू?"

"चढवू नका. सरळ सांगा, शिकार गेली खड्ड्यात, मी तुला भेटायला येतोय."

"तू म्हणतेस तितकं ते सोपं असतं, तर तुझ्या काकीनं इतकी वर्षं माझ्या हातात फोन कशाला दिला असता?" उठताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. त्यांना कळलंय, हे मी त्याला सांगायचं नाही.

त्या रविवारी कंटेनरच्या भानगडीमुळे मी ऑफिसातच होते. काकांनी आता स्वतःच फोन लावला, स्पीकरवर. "अरे, ह्या वेळी जमत नाही बघ. कांदा फार तापलाय. मला इथून हलता येणार नाही."

पलीकडे एक मोठा श्वास सुटला. मला तो स्पष्ट ऐकू आला, तर काकांना आलाच असणार. "ओह. ओके, बाबा. नेक्स्ट सीझन."

"पुढच्या सीझनला नक्की. आज वारा कुठला होता?"

पलीकडे टिकटिक बटणं. "नॉर्थवेस्ट. लाइट."

"मग तू पूर्वेच्या झाडावर बसायला हवं होतंस."

"हो. तिथेच बसलो होतो."

काका मान हलवत राहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. जवळजवळ तासभर बोलले दोघं. मी कागद आवरून निघाले तेव्हाही चालूच होतं.

पुढचा सीझन काकांना मिळाला नाही. फेब्रुवारीत एका सकाळी, ट्रक खाली होत असताना, त्यांनी खानभाईकडे पाणी मागितलं आणि पॅलेटवर बसले ते उठलेच नाहीत. त्यानंतर त्या गल्लीत इतकी शांतता होती की मला ती सहन होत नव्हती. मी आजही त्यांच्यासाठी रडते, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

मुलगा आला. जेबेल अलीच्या स्मशानात त्यानं सगळं केलं. नंतर धंदा दुसऱ्याला द्यायचा म्हणून कोल्ड स्टोअर बघायला आला. मी त्याला सगळ्या खोल्या दाखवल्या आणि शेवटी सफरचंदांची. गोणीत गुंडाळलेलं हरीण, शिडी, पट्टा. काका फोनवर त्याला क्लबाबद्दल सांगायचे, पण ह्या खोलीबद्दल कधी बोलले नव्हते. मुलानं पट्टा ओढून बघितला. तो नीट ओढताही येईना.

"इथे किती वेळ बसायचे?"

"दुपारभर."

"ताई," तो म्हणाला, "त्यांना कळलं होतं का? माझं?"

वचन दिलं होतं. मी म्हटलं, "नाही."

त्यानं मान हलवली. "गुड. ही लव्ह्ड इट सो मच. दर रविवारी फक्त शिकार, शिकार. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा त्यांनी मला तेच विचारलं. शिकारीशिवाय त्यांना माझ्याशी दुसरं काही बोलायचंच नसायचं."

हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. तो इतकी वर्षं तेच समजून बसला होता. मग माझ्यानं राहवलं नाही. वचन गेलं वाऱ्यावर. मी त्याला तिथेच, त्या थंडीत उभं करून सगळं सांगितलं. बटणांची टिकटिक, डिशवॉशर, हरीण आलं की खोकायचं ठरवलेलं, कॅन्सल केलेलं तिकीट. कांदा तापल्याचं निमित्त होतं, हेही.

तो काकांच्या पेटीवर बसला आणि तोंड हातांत धरून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मग आले का नाहीत? मी त्यांना झाडावर कशाला नेलं असतं? नुसते आले असते. घरी बसलो असतो."

"तू म्हणाला असतास का तसं? की बाबा, शिकार नाही, काही नाही, नुसते या?"

तो खरंच विचार करत होता. डोळे पुसले, पुन्हा विचार केला आणि मान हलवली.

"नाही," तो म्हणाला. "नुसते आले असते, तर आम्ही बोललो काय असतो?"